नापासांची पलटण

परीक्षेत नापास झालेला मुलगा घरी परत येतो, ही आपली समजूत शाळा-कॉलेजांनी करून दिलेली आहे. भरतीच्या मैदानावरही ती बऱ्याच अंशी खरी ठरते. धावण्यात मागे पडलेला, छातीच्या मापात अडकलेला किंवा लेखी परीक्षेत गडगडलेला पोरगा संध्याकाळच्या एसटीने गावी येतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा डांबरी रस्त्यावर पळू लागतो. पण एकदा अंगावर वर्दी चढली, नावामागे क्रमांक लागला, की नापास होण्याचा अर्थ बदलतो. शिक्षणकाळातल्या परीक्षेत अडलेल्या जवानाला सैन्य सहसा लगेच घरी पाठवत नाही. त्याच्यावर पैसा खर्च झालेला असतो, त्याच्या सहीचा कागद झालेला असतो आणि सैन्याला माणसे हवीच असतात. मग त्याला अशा जागी धाडले जाते, जिथे त्या परीक्षेची गरज नाही. ही जागा कोणती, हा या लेखाचा विषय.

मी सातारा जिल्ह्यातला. लोकांनी ज्याचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ करून टाकले ते गाव याच जिल्ह्यातले. आमच्याकडे लढाईच्या, पदकांच्या, बर्फातल्या चौक्यांच्या गोष्टी पुष्कळ; ट्रेनिंगमध्ये नापास झालेल्याची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. माझे एक चुलते साठीच्या दशकाच्या अखेरीस कारकुनी ट्रेडसाठी भरती झाले होते. टायपिंगच्या परीक्षेत दोनदा अडले आणि त्यांची रवानगी लंगरात झाली. पुढची सगळी नोकरी त्यांनी हजार माणसांच्या पोळ्या आणि डाळ करण्यात काढली. गावात ते ‘माझा ट्रेड बदलला’ एवढेच म्हणत. ‘नापास’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. तो मला त्यांच्या जुन्या कागदांत, एका शिक्क्याखाली सापडला. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतही नापास कॅडेटला कोणी नापास म्हणत नाही, ‘रेलिगेट’ झाला म्हणतात. म्हणजे सहा महिने मागे, खालच्या तुकडीबरोबर. लष्करात या गोष्टीला नेहमी दुसरे नाव असते, हे मला तेव्हापासून जाणवू लागले.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. कचेरीतली नोकरी सांभाळून, मिळेल ते वाचत गेलो. या विषयावर वाचताना मी अमेरिकेकडे वळलो ते एका साध्या कारणाने. आपल्या सैनिकांच्या परीक्षा, त्यांचे गुण, त्या गुणांवरून झालेल्या नेमणुका आणि त्या नेमणुकांचे पुढे काय झाले, याचे हिशेब त्या देशाने ठेवले, छापले, आणि पुढे त्यांच्याच माणसांनी ते हिशेब तपासून फाडले.

सुरुवात १९१७ची. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा लाखो तरुण एकदम छावण्यांत येऊन पडले. कोणाला कुठे घालायचे? रॉबर्ट यर्कीस या मानसशास्त्रज्ञाने लष्कराला सांगितले की आम्ही माणसाची बुद्धी तासाभरात मोजून देतो. दोन कसोट्या तयार झाल्या. वाचता येणाऱ्यांसाठी ‘अल्फा’ आणि निरक्षरांसाठी किंवा इंग्रजी न येणाऱ्यांसाठी ‘बीटा’. सुमारे साडेसतरा लाख माणसांची परीक्षा झाली आणि प्रत्येकाच्या नावापुढे ए ते ई असे अक्षर लागले.

या कसोट्यांतले प्रश्न आज वाचताना हसू येते आणि मग ते थांबते. क्रिस्को म्हणजे औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ, असा एक प्रश्न. हा वनस्पती तुपाचा त्या वेळचा एक छाप. एका बेसबॉल खेळाडूचे नाव देऊन तो कोण, असा दुसरा. म्हणजे आपल्याकडे कोकणातल्या शेतकऱ्याला मुंबईच्या जिमखान्यातला गोलंदाज ओळखायला सांगून त्यावरून त्याची उपजत बुद्धी ठरवावी तसे. बीटा कसोटीत चित्रातली उणीव भरायची होती: जाळी नसलेले टेनिसचे मैदान, कर्णा नसलेला ग्रामोफोन, धुराडे नसलेले घर. सिसिलीहून आलेल्या एका रंगरुटाने घराच्या चित्रावर क्रूस काढला, कारण त्याच्या गावाकडे घरावर त्या जागी क्रूसच असे. उत्तर चूक धरले गेले. स्टीफन जे गूल्ड यांनी ‘द मिसमेझर ऑफ मॅन’ या पुस्तकात या सगळ्या प्रकरणाची चिरफाड केली आहे.

नापासांचे काय झाले? साडेसतरा लाखांतून तात्काळ घरी पाठवावे अशी शिफारस झाली ती सुमारे ७,८०० जणांची. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. त्याहून काहीशा जास्त लोकांना ‘मजूर पलटणी’त घालावे असे सुचवले गेले आणि जवळपास तितक्यांनाच ‘विकास पलटणी’त. मजूर पलटणीचे काम म्हणजे जहाजे रिकामी करणे, रस्ते बांधणे, खड्डे खणणे, प्रेते पुरणे. काळ्या सैनिकांपैकी बहुसंख्य अशाच कामांवर होते. त्यांना तिथे पाठवायला कसोटीची वाट कोणी पाहिली नव्हती. लष्करी अधिकाऱ्यांनी या कसोट्या फार मनावर घेतल्या नाहीत आणि युद्ध संपताच त्या बासनात गेल्या. नागरी जीवनात मात्र त्यांचे पीक आले. कार्ल ब्रिगम याने १९२३मध्ये याच आकड्यांवरून दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक कमी बुद्धीचे असल्याचे पुस्तक लिहिले; पुढे १९३०मध्ये त्याने स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. बुद्धी मोजण्याची ती हवा आपल्याकडेही पोचली होती. डॉ. वि. वि. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांची कसोटी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, पण ती बसवताना इथल्या मुलांना काय ठाऊक असते याचा विचार केला. ती कसोटी आपल्याकडे पुढे अनेक वर्षे दवाखान्यांतून वापरात राहिली.

दुसऱ्या महायुद्धात परीक्षांचे जाळे अधिक दाट झाले. नवी वर्गीकरण कसोटी आली, तिचे पाच वर्ग झाले. आता गुणांवरून माणसे वाटली जाऊ लागली आणि वाटणीत भांडण लागले. १९४२मध्ये हवाई दलाने असा नियम करून घेतला की त्याला मिळणाऱ्या माणसांपैकी तीन चतुर्थांश सरासरीहून वरच्या गुणांची असावीत. आरमाराने, तांत्रिक शाखांनी आपापला वाटा ओढला. उरले ते पायदळाला. लष्कराच्याच अधिकृत इतिहासात नोंद आहे की १९४३मध्ये पायदळातला जवान सरासरी सैनिकापेक्षा उंचीने आणि वजनानेही थोडा कमी भरत होता. लढाईत सर्वांत जास्त ओझे पाठीवर घेऊन चालणारा तोच.

हवाई दलात वैमानिकाच्या शिक्षणात नापास होणे याला ‘वॉश आउट’ म्हणत, म्हणजे धुऊन निघणे. १९३९ ते १९४५ या काळात अमेरिकी हवाई दलातून १,९३,४४० वैमानिक तयार होऊन बाहेर पडले आणि सुमारे १,२४,००० वाटेत गळाले किंवा शिकताना मेले. गळालेल्यांसाठी पायऱ्या होत्या. वैमानिक नाही तर दिशादर्शक, ते नाही तर बॉम्ब टाकणारा, ते नाही तर विमानाच्या पोटात किंवा शेपटाशी मशिनगन धरून बसणारा. विमान पडले तर पहिल्या क्रमांकाने पास झालेला आणि तीनदा नापास झालेला एकाच वेळी खाली येत. हवेत तेवढी तरी समता होती.

आणि पास झालेल्यांचेही नेहमी भले झाले असे नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच काळात लष्कराने उत्तम गुणांच्या सुमारे दीड लाख तरुणांना वर्दी घालून विद्यापीठांत शिकायला पाठवले होते: अभियांत्रिकी, वैद्यक, परकीय भाषा. १९४४च्या फेब्रुवारीत युरोपवरच्या स्वारीसाठी माणसे कमी पडू लागली आणि हा कार्यक्रम जवळजवळ एका फटक्यात बंद करून त्यातल्या लाखभराहून अधिक विद्यार्थ्यांना सैन्यात परत पाठवले, पुष्कळांना थेट पायदळात. हेन्री किसिंजर त्यांतले एक, कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट दुसरे. माणसे कमी पडली की परीक्षेचा कागद फाटतो, हे सूत्र इथे पहिल्यांदा उघड दिसते. वीस-बावीस वर्षांनी ते दुसऱ्या टोकाने आले.

आता मी मूळ प्रकरणाकडे येतो.

१९५० पासून अमेरिकी सैन्यात प्रवेशासाठी एकच कसोटी सर्व दलांना लागू झाली. शब्दांचे अर्थ, गणित, अवजारांची ओळख आणि आकृत्यांची जुळणी असे चार प्रकारचे प्रश्न तीत असत. गुणांवरून पाच वर्ग पाडले जात. शंभर माणसे गुणांप्रमाणे ओळीने उभी केली तर तळाची दहा माणसे पाचव्या वर्गात. त्यांना घेण्यास १९५१च्या कायद्यानेच मनाई होती. त्यांच्या वरची वीस माणसे म्हणजे चौथा वर्ग. यांना घ्यायचे की नाही हे गरजेवर. शांततेच्या काळात यांतल्या बऱ्याच जणांना ‘अपात्र’ असा शिक्का मारून घरी पाठवले जाई. १९६४च्या जानेवारीत ‘वन थर्ड ऑफ अ नेशन’ या नावाचा सरकारी अहवाल आला. देशातला दर तिसरा तरुण सैन्यासाठी अपात्र ठरतो आणि त्यातले निम्मे लेखी कसोटीमुळे, असे त्यात म्हटले होते. अहवालामागे डॅनियल मॉयनिहन होते आणि त्यांचा कळ असा की ही गरिबीची खूण आहे, या मुलांना शिकवले पाहिजे. कळ चांगला होता. संरक्षण खात्याने अशा मुलांना घेऊन शिकवण्याची एक योजना मांडली. संसदेने त्यासाठी पैसे द्यायला नकार दिला.

दोन वर्षांत व्हिएतनाममधले युद्ध फुगले. माणसे हवी झाली. ती आणायची कुठून? राखीव दले बोलवावीत तर राजकीय किंमत मोठी. कॉलेजातल्या मुलांची सवलत काढावी तर त्यांचे आईबाप मतदार, आणि वजनदार मतदार. उरले नापास.

१९६६ या एकाच वर्षात अमेरिकेत दोन परीक्षांचा अर्थ बदलला, आणि मला वाटते या दोन्ही एकमेकींशेजारी ठेवूनच वाचल्या पाहिजेत. मे-जूनमध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी एक दीडशे प्रश्नांची परीक्षा झाली. तीत ठरावीक गुण मिळवणाऱ्याला शिक्षण संपेपर्यंत सक्तीच्या भरतीतून सवलत टिकवता येत असे. साडेसात लाखांहून अधिक मुले ती देऊन गेली. काही केंद्रांबाहेर युद्धविरोधी विद्यार्थ्यांनी व्हिएतनामच्या इतिहासावरची आपली वेगळी प्रश्नपत्रिका वाटली. म्हणजे इथे पास होणारा घरी राहणार होता. आणि २३ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये माजी सैनिकांच्या अधिवेशनात संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी जाहीर केले की आजवर सैन्याने नाकारलेल्या तरुणांपैकी पहिल्या वर्षी चाळीस हजार आणि नंतर दर वर्षी एक लाख जणांना आम्ही घेऊ, नव्या शिक्षणतंत्राने घडवू, आणि ते गरिबीच्या फेऱ्यातून सुटून समाजात परततील. योजनेचे नाव ‘प्रोजेक्ट वन हंड्रेड थाउजंड’. आता नापास होणाराही घरी राहणार नव्हता.

मॅक्नमारा हे आकड्यांचे माणूस. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या सांख्यिकी विभागात होते, पुढे फोर्ड मोटर कंपनीचे अध्यक्ष झाले. ध्वनिफिती, चित्रफिती दाखवून मंदगती माणसालाही पटकन शिकवता येईल असा त्यांचा खरोखर विश्वास असावा. त्यांना मी दुष्ट ठरवत नाही. पण शिकवण्यासाठी ज्या पैशाची आणि वेळेची गरज होती, ती योजनेत कुठेच नव्हती. वाचन सुधारण्याचे जादा वर्ग मिळाले ते शंभरातल्या थोड्यांनाच.

१ ऑक्टोबर १९६६ ते डिसेंबर १९७१ या काळात या योजनेखाली सुमारे ३,५४,००० तरुण घेतले गेले. त्यांतले दहापैकी नऊ कमी गुणांमुळे पूर्वी अपात्र ठरले असते. उरलेले वजन, हर्निया अशा शारीरिक कारणांमुळे. बहुतेक विशीचे. शाळा पूर्ण केलेले निम्म्याहून कमी. वाचन सरासरी सहावीच्या मुलाएवढे आणि सातांतल्या एकाचे चौथीच्याही खाली. दहापैकी चार काळे. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण तेव्हा दहात एक-सव्वा होते. दहापैकी सात भूदलात गेले.

अधिकृत धोरण असे होते की या मुलांवर कोणताही वेगळा शिक्का बसू नये. पण छावण्यांत त्यांना नावे पडलीच, आणि ती इथे छापण्यासारखी नाहीत.

प्राथमिक शिक्षण आठ आठवड्यांचे. जो मागे पडेल त्याला ‘रिसायकल’ करत, म्हणजे मागून येणाऱ्या कंपनीत टाकून पुन्हा पहिल्यापासून. शारीरिक परीक्षेत अडलेल्यांसाठी विशेष शिक्षण कंपनी असे. हॅमिल्टन ग्रेगरी या माजी सैनिकाने १९६७मध्ये जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग इथे असताना हे जवळून पाहिले आणि २०१५मध्ये ‘मॅक्नमाराज फॉली’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या ताब्यात एक रंगरूट दिला गेला होता. पुस्तकात त्याचे नाव बदलून जॉनी गप्टन असे दिले आहे. त्याला लिहितावाचता येत नव्हते. बुटाच्या नाड्या बांधता येत नव्हत्या, त्या ग्रेगरी रोज बांधून देत. अशा मुलाला बंदूक देऊन काय होणार हे सार्जंटांना कळत होते. तरीही अशा मुलांना पास करणे भाग होते, कारण नापासांचा आकडा वाढला तर वरून विचारणा होई. ग्रेगरी सांगतात की शेवटच्या शारीरिक परीक्षेत कधी कधी अशा मुलाच्या जागी दुसराच धडधाकट जवान पळवला जाई आणि गुण त्या मुलाच्या नावावर लागत.

हे वाचताना मी बराच वेळ थांबलो. तोतया परीक्षार्थी आपल्याला नवा नाही; तो पैसे घेऊन नोकरी मिळवून देतो. इथे तो फुकट धावतो आणि ज्याच्या नावाने धावतो त्याला व्हिएतनामला पोचवतो. त्या मुलासाठी नापास होणे हीच सुटका होती. तीच त्याला नाकारली गेली.

खात्याच्या अहवालात मात्र चित्र छान दिसते. या योजनेतले शंभरातले सुमारे ९५ प्राथमिक शिक्षण पूर्ण करत होते. इतरांत हे प्रमाण ९८च्या आसपास. तीनच टक्क्यांचा फरक, म्हणजे योजना यशस्वी. पुढच्या पायरीला, ठरावीक कामाच्या शिक्षणात, गळतीचे प्रमाण सुमारे दहा टक्के, इतरांत चार. इथे नापास झालेल्याला कुठे धाडायचे, हा प्रश्न माझ्या चुलत्यांच्या बाबतीत लंगराने सोडवला. तिथे तो बहुतेकदा पायदळाने सोडवला. रेडिओ दुरुस्ती, कारकुनी, भांडार, वैद्यकीय मदतनीस या कामांना किमान गुणांची अट होती आणि वाचता येणे तर हवेच. रायफल घेऊन चालायला अट सर्वांत सैल. या योजनेतल्या दहापैकी चारांना लढाऊ शाखांचे शिक्षण मिळाले. सैन्याच्या एकूण जवानांत हे प्रमाण चारांत एक एवढे होते. मॅक्नमारांनी त्यांना जी कौशल्ये देऊ केली होती ती नागरी जीवनात उपयोगी पडणारी असायला हवी होती. उखळी तोफ डागता येणाऱ्याला डेट्रॉइटमध्ये कोण कामावर ठेवणार?

जंगलातली लढाई बिनडोकपणे करता येते असे ज्यांना वाटते त्यांनी कधी नकाशा हातात धरलेला नसावा. पुरलेला सुरुंग ओळखणे, रात्री आपल्या माणसाचा सांकेतिक शब्द ध्यानात ठेवणे, कुठल्या दिशेने गोळी झाडू नये हे क्षणात ठरवणे, याला बुद्धी लागते. ती नसली तर माणूस स्वतः मरतो आणि शेजारच्यालाही मारतो. ग्रेगरींनी दिलेल्या हिशेबाप्रमाणे या योजनेतले ५,४७८ जण सेवेत असताना मेले, बहुतेक लढाईत, आणि त्यांचे मरणाचे प्रमाण इतर सैनिकांच्या तिप्पट होते. या तिपटीबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण लढाऊ शाखेत भरणा जास्त तर मृत्यू जास्त, एवढे कळायला सांख्यिकी लागत नाही.

‘फॉरेस्ट गम्प’ हा सिनेमा आपल्याकडे पुष्कळांनी पाहिला आहे. त्याचा हिंदी अवतार २०२२मध्ये आला. मंद बुद्धीचा नायक सैन्यात फार चांगला जमतो, कारण तो हुकूम जसाच्या तसा पाळतो, अशी त्यातली गंमत. ती गंमत पाहून हसणाऱ्यांत मीही होतो. ग्रेगरींना याच कल्पनेचा राग आहे.

जे जिवंत परतले त्यांच्यामागे एक कागद आला. सैन्यातून सुटताना मिळणाऱ्या दाखल्यावर सुटण्याच्या कारणाचा एक सांकेतिक क्रमांक छापलेला असे. अनुपयुक्तता, उदासीनता, सदोष वृत्ती, वर्तनातला बिघाड, असे त्या क्रमांकांचे अर्थ. सैनिकाला स्वतःला तो अर्थ ठाऊक नसे. त्यांच्या याद्या मात्र कारखानदारांच्या नोकरभरती विभागांत पोचल्या होत्या. दाखला दाखवायचा, समोरचा माणूस आत जाऊन येणार आणि जागा भरली असे सांगणार. १९७४मध्ये ही छपाई बंद झाली. तोवर लाखो दाखले वाटून झाले होते. योजनेतल्या बऱ्याच जणांना सन्मानाची मोहोर नसलेला दाखला मिळाला आणि त्यातल्या खालच्या प्रतीच्या दाखल्यावर शिक्षणाची, औषधोपचाराची माजी सैनिकांची मदतही बंद झाली. शिस्त मोडली हे कारण खरेही असेल. पण जो मुलगा सूचनाफलक वाचू शकत नाही, तो हजेरीला किती वेळा चुकेल?

जॅनिस लॉरेन्स आणि पीटर रॅम्सबर्गर या दोघांनी १९८०च्या दशकात या माणसांना पुन्हा गाठून पाहणी केली आणि १९९१मध्ये पुस्तक छापले. या योजनेतल्या माजी सैनिकांची तुलना त्यांनी तितक्याच कमी गुणांच्या, पण सैन्यात न गेलेल्या माणसांशी केली. सैन्यात न गेलेले वर्षाला पाच ते सात हजार डॉलर जास्त कमावत होते. बेकारी आणि घटस्फोट यांचे प्रमाणही सैन्यात जाऊन आलेल्यांतच जास्त होते. जे घरी राहिले, तेच पुढे गेले.

इथे लेख संपवता आला असता. पण याच इतिहासात एक विचित्र फाटा आहे आणि तो टाळला तर हिशेब अर्धा राहील.

१९७६च्या जानेवारीत अमेरिकी सैन्याने नवी प्रवेश कसोटी सुरू केली. सक्तीची भरती तोवर बंद झाली होती, खुशीची होती. या नव्या कसोटीचे गुण जुन्या मोजपट्टीवर बसवताना तज्ज्ञांचा हिशेब चुकला आणि खालच्या पातळीवरच्या मुलांना त्यांच्या लायकीपेक्षा बरेच जास्त गुण मिळू लागले. चार वर्षे कोणाच्या हे ध्यानात आले नाही, किंवा आले ते बोलले नाहीत. १९८०मध्ये चूक उघडी पडली. त्या वर्षी भरती झालेल्यांत चौथ्या वर्गाचे प्रमाण पाच टक्के आहे असे संरक्षण खाते सांगत होते. फेरमोजणीत ते तीस टक्क्यांच्या आसपास निघाले, आणि एकट्या भूदलात तर निम्म्याच्या जवळ. तीन लाखांहून अधिक माणसे अशी होती, की कसोटी नीट तपासली असती तर ती नापास होऊन घरी गेली असती.

त्यांचे काय झाले होते? ती पासच समजली गेल्यामुळे त्यांना इतरांसारखीच कामे मिळाली होती: भांडारात, गॅरेजमध्ये, दूरध्वनीवर, पायदळातही. गळतीचे प्रमाण इतरांपेक्षा काहीसे जास्त होते. बढत्या जवळपास सारख्याच. बहुतेकांनी आपली मुदत पुरी केली आणि ते सन्मानाने बाहेर पडले.

यावरून कसोट्या निरर्थक आहेत असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. गप्टनला बुटाची नाडी बांधता येत नव्हती हे कोणतीही नीट कसोटी दाखवू शकली असती आणि दाखवायला हवे होते. शिवाय १९७६ ते ८० या काळात युद्ध नव्हते; चुकीची किंमत रक्तात द्यावी लागली नाही. खुशीने आलेला आणि पकडून आणलेला यांच्यातही फरक असतो. पण दोन्ही गटांचे गुण साधारण एकाच पातळीचे होते. एका गटाबद्दल वरिष्ठांना ठाऊक होते की ही नापास माणसे आहेत, आणि त्यांचे अहवाल महिन्याच्या महिन्याला वॉशिंग्टनला जात होते. दुसऱ्याबद्दल कोणालाच ठाऊक नव्हते. एवढा एक फरक मला कोणत्याही आकडेवारीने पुसता आलेला नाही.

चूक सापडल्यावर अमेरिकी संसदेने चौथ्या वर्गातून किती माणसे घ्यावीत यावर मर्यादा घातली. पुढची चाळीस वर्षे सैन्याला या मुलांची फारशी गरजही पडली नाही. मग भरती पुन्हा आटू लागली. ऑगस्ट २०२२मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या फोर्ट जॅक्सन इथे एक तयारी वर्ग सुरू झाला. प्रवेश कसोटीत थोडक्यात हुकलेल्या तरुणांना तिथे लष्करी शिस्तीत ठेवून इंग्रजी आणि गणित शिकवतात; लठ्ठपणामुळे अडलेल्यांसाठी वेगळी तुकडी आहे. ठरावीक दिवसांनी पुन्हा कसोटी देता येते, आणि गुण वाढले की तो मुलगा नेहमीच्या रंगरुटांत मिसळतो. ही मुदत जास्तीत जास्त नव्वद दिवसांची आहे. नव्वद दिवसांतही गुण वाढले नाहीत, तर त्याला घरी पाठवतात.